एकदंत यंत्रातील फितुरीची बखर

या, जवळ सरा. सतरंजी ओढून घ्या आणि भिंतीला टेकू नका, टेकले की डोळा लागतो, आणि ही कथा ज्याचा डोळा लागला त्याच्या हाती लागायची नाही. ज्याने हे विश्वयंत्र निर्मिले आणि फिरते केले आणि आपण मात्र कोठे दिसेनासा जाहला, त्या विश्वंभरास आधी वंदन. ज्यांच्या कीर्तनी उभे राहून टाळी धरावयास शिकलो त्या बुवामंडळींस मागाहून वंदन. आणि तुम्हां श्रोत्यांच्या पायांवरही डोके ठेवितो, की तुम्ही आहां म्हणोन कथा आहे. आता एका राज्यात फितुरी कैशी जाहली, फितूर कैसा धरिला आणि धरिल्यावर काय निघाले, ते वर्तमान यथास्थित निवेदन करितो. शपथ कोणाची घालीत नाही, परंतु मध्ये उठून जाऊ नका.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पक्ष. ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी सुखरूप आहेत आणि भल्या मनाची आहेत. अभियांत्रिकी विद्येचे ते पीठ, आणि त्याच्या मागल्या अंगास पत्र्याची यंत्रशाळा, तोच त्यांचा गड. गडाचे धनी धामणकर सर, अंगाने स्थूल, मनाने लोण्यासारखे, लेकरांचे कौतुक पोटात मावत नसे ऐसे. दरसाल माघमासी विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवांची स्पर्धा भरे, आणि नाना राज्यांची यंत्रे मैदानी उतरत, आणि रबरी कडी उचलोन खांबांत घालीत, आणि ज्याची कडी अधिक त्याचा जय. मागील साली धामणकर सरांच्या फौजेने कडी उचलावयास नव्या घाटाचा हात केला, आणि मैदानी जाऊन पाहतात तो शेजारच्या राज्याच्या यंत्रास हुबेहूब तोच हात! तैशीच कोपराची घडी, तैसेच बोट. आणि शेजारी जिंकले आणि हे हरले. तेव्हापासोन गडावर एकच बोली जाहली, की घरात फितूर आहे. कोणी मोठ्याने बोलेना, परंतु चहा पितानाही एकमेकांचे पेल्यांकडे पाहो लागले.

या साली सेनापतीपद ईश्वरी सबनीस हीस दिधले. चवथ्या वर्षास शिकणारी मुलगी, करारी, हसली तरी भुवई खाली न येणारी. विजेचा कारभार सुहृद कानिटकर याजकडे, आणि यंत्रास बुद्धी देण्याचे, म्हणजे संगणकी आज्ञा लिहिण्याचे काम मल्हारी जगदाळे याजकडे. या त्रिवर्गाने मसलत करोन नवे यंत्र योजिले. चार चाके, पोटाखाली जमिनीवरील पांढरी रेघ पाहणारा डोळा, आणि डाव्या खांद्यास एकच लांब हात. सबब नाव ठेविले एकदंत. मग पत्रे कापिले, आणि मोटारी बसविल्या, आणि पहिला हात वजनाने वाकला, आणि दुसरा थरथरू लागला, आणि तिसरा उभा राहिला परंतु कडी धरी आणि सोडोन देई. तेव्हा चौथा गडी पुढे आला. त्याचे नाव नवनाथ ढोबळे. हा मूळचा या राज्याचा नव्हे. तंत्रनिकेतनात डिप्लोमा करोन थेट दुसऱ्या वर्षास येथे दाखल जाहला होता. बोलका, हट्टी, हात कायम ग्रीसने काळे. तो म्हणाला, "चिमट्यासारखं धरताय म्हणून सुटतंय. सांडशीसारखं करा. माझी आई तापलेलं पातेलं सांडशीनं उचलते, कधी सांडलंय का?" मग सांडशीच्या घाटाची बोटे केली, आणि कडी अशी धरिली की ओढोनही सुटेना. सर्वांनी वाहवा केली. परंतु मल्हारी जगदाळे ईश्वरीच्या कानाशी लागोन म्हणाला, "याला बरं लगेच सुचलं?" ती म्हणाली, "आईची सांडशी म्हणतोय ना." तो म्हणाला, "म्हणायला काय जातंय. शेजारच्यांचा कॅप्टन गजू थोरवे तंत्रनिकेतनात याचा होस्टेलचा पार्टनर होता, माहितीये ना?" आणि येथोन संशयाचे बीज पडिले.

नवनाथाच्या मनी मात्र एकच गोष्ट होती. तंत्रनिकेतनात त्याने पुष्कळ यंत्रे हाताळिली, परंतु मैदानी उतरावयाचा योग कधी आला नाही. येथे फौजेचे निळे अंगरखे शिवोन आले, पाठीवर ज्याचे त्याचे नाव, आणि नियम ऐसा की ज्याच्या अंगी तो अंगरखा तोच रिंगणाच्या दोरीआत जाईल. नवनाथाने आपल्या अंगरख्याची पाठमोरी तसबीर काढून घरी पाठविली. आई म्हणाली, "अरे, तोंड दिसंना यात." तो म्हणाला, "तोंड रोजचंच आहे, नाव बघ." ऐसा त्याचा जीव त्या दोरीआतल्या चार पावलांत अडकला होता.

आता नीट ऐका, कारण कथेची गाठ येथे आहे. संशय मनी शिरला म्हणजे मनुष्य कुलूप शोधितो. सुहृद कानिटकराने विचार केला, की फितूर उद्या यंत्र चालवोन त्याची चाल पाहील, चित्र घेईल, शत्रूस देईल. तर यंत्र चालूच नये ऐसे करावे. म्हणोन संध्याकाळी निघताना त्याने कोणासही न कळविता एकदंताचा फ्यूज काढोन खिशात घातला, की सकाळी सरावाआधी गुपचूप बसवीन. हीच बुद्धी ईश्वरीस सुचली. तिने खांद्यातली पिन, जिजवर अवघा हात फिरतो, ती काढोन पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेविली. आणि मल्हारीने पोटाखालच्या डोळ्याची तार काढोन काखेच्या पिशवीत टाकिली. तिघांनी तीन वस्तू काढिल्या, आणि एकाचे दुसऱ्यास ठाऊक नाही, आणि प्रत्येक आपुलाच कप्पा पाही, दुसऱ्याच्या कामात डोकावणे तेथे शिष्टाचारास धरोन नव्हते. वरोन जुनी शाल पांघरून गडाचे दार लाविले.

दुसरे दिवशी सुहृद सकाळी फ्यूज घेऊन लगबगीने आला, आणि झाकण उघडोन पाहतो तो फ्यूज जागच्या जागी! फ्यूज तर खिशात आहे. मग हा कोणाचा? कोणी आत शिरला, त्याने यंत्र पाहिले, त्यास उणीव कळली, आणि तो आपुला फ्यूज घालोन यंत्र चालवोन गेला! परंतु सांगावे कोणास? सांगावे तर "तू फ्यूज काढलास कशाला" हा प्रश्न पहिला येणार. म्हणोन तो गप्प बसला, आणि संध्याकाळी हाही फ्यूज काढोन खिशात टाकिला. त्याच सकाळी ईश्वरीने पाहिले, तो खांद्यात अनोळखी पिन, घासून गुळगुळीत केलेली, तिच्या पिनेहूनही नेटकी. आणि मल्हारीने पाहिली परकी तार, रंग निराळा. तिघांनीही एकमेकांस "काय झालं?" "काही नाही" ऐसे म्हटले. आणि हे नित्य चालिले. संध्याकाळी काढावे आणि सकाळी बसलेले सापडावे. एकदंत उत्तम चाले, कडी अचूक घाली, आणि तो जों जों उत्तम चाले तों तों हे तिघे दाराकडे अधिक वळोन पाहत. जगात यंत्र बिघडले म्हणोन लोक चिंता करितात, येथे यंत्र बिघडेना म्हणोन झोप उडाली. कीर्तनात मृदंगी, पेटीवाला आणि टाळकरी आपापला ठेका मनात लपवोन बसावेत आणि तरीही अभंग सुरात लागावा, तर बुवांनी काय समजावे? तैसे जाहले.

मग पाळत ठेविली. मल्हारी पहाटवाऱ्यातच गडाशी येऊन खिडकीआड उभा राहिला, आणि पाहतो तो नवनाथ ढोबळे एकटाच आत, शाल दूर सारिलेली, एक हात एकदंताच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला, आणि तोंडाने काही गुणगुणतो आहे. मल्हारीने ते वर्तमान सेनापतीस दिले. पुढे कोणी सांगितले की नवनाथ एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये गजू थोरव्यासंगे मिसळ खाताना दिसला, आणि गजू हसत होता. मग आणिक काय पाहिजे! धामणकर सरांस कळविले. सरांचे डोळे भरोन आले, म्हणाले, "माझ्या घरात हे? मी लेकरासारखं वागवलं सगळ्यांना." आणि माघ शुद्ध पक्षी, स्पर्धेस निघावयाचे आदले दिवशी, सकाळी गडावर दरबार भरविला.

सर लाकडी स्टुलावर बसले. नवनाथ समोर उभा, अंगी निळा अंगरखा, आज सराव शेवटचा म्हणोन हौसेने घातलेला. सर म्हणाले, "ढोबळे, सकाळी एकटे येऊन काय करता?"

"हात फिरवतो, सर."

"कशावर?"

"मशिनवर. अजून कशावर फिरवणार?"

सुहृद पुढे जाहला, म्हणाला, "फ्यूजला हात लावतोस का?"

"लावतो की. रोज लावतो. तुला माहीत नाही का?" आणि नवनाथ भोळेपणे हसला. सुहृदास ते हसू सुरीसारखे लागले.

ईश्वरी म्हणाली, "आणि हाताच्या पिनेला?"

"पिनेला, तारेला, सगळ्याला. का, नीट बसत नाहीये का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. आरोप काय ठेवावा हेच कोणास सुचेना, कारण खरा आरोप उच्चारावा तर आपला खिसा उघडावा लागतो. शेवटी सरांनीच विचारिले, "गजू थोरवेशी काय बोलणं झालं?"

"मिसळ तिखट आहे असं झालं."

"चेष्टा करू नका, ढोबळे!"

"सर, खरंच तेच झालं. दोन पाव जास्त लागले त्याला."

मग सरांनी मान खाली घालोन सांगितले, की यंत्रास एकट्याने हात लाविला एवढे पुरे आहे, तुमचे नाव यादीतून कमी जाहले, अंगरखा काढोन ठेवा. नवनाथ क्षणभर उभा राहिला, जैसा आरतीस उभा राहिलेल्यास कोणी देवळाबाहेर जा म्हणावे. मग त्याने अंगरखा काढिला, घडी घातली, पाठीवरचे नाव वर येईल ऐशी घातली, आणि टेबलावर ठेविली. दारी थांबोन एवढेच म्हणाला, "उद्या असली सामान घालायला विसरू नका." आणि गेला. या शब्दाचा अर्थ कोणास कळला नाही, आणि न कळला म्हणोन ती धमकी वाटली. ईश्वरी म्हणाली, "बघितलंत सर? जाता जाता काय बोलला?" आणि सरांनी रुमालाने कपाळ पुसले.

सरावास त्या दिवशी मन कोणाचे लागले नाही. दुसरे दिवशी पहाटे यंत्र टेंपोत चढविले. परंतु फितूर गेला तरी भय गेले नाही. वाटेत काय होईल, त्याचा जोडीदार कोण असेल, ऐशा शंकेने तिघांनी निघण्यापूर्वी, एकाने दोरी बांधण्याचे निमित्त करोन, एकीने शाल नीट करण्याचे, आणि एकाने बॅटरी पाहण्याचे, आपापली वस्तू काढोनच घेतली. स्पर्धास्थळी उतरल्यावर बसवू म्हणाले. तेथे उतरले, तो कोणी कोणास यंत्रापाशी एकटे सोडीना. सुहृद पाणी पिण्यास जाईना, मल्हारी लघुशंकेस जाईना, ईश्वरी तर यंत्रावर हात ठेवोनच उभी. खिशात हात घालावा तर दुसरा पाही, आणि ज्याच्या हाती यंत्राचा भाग दिसेल तोच फितूर ठरेल. ऐशा रीतीने एकमेकांस राखता राखता वजनकाटा आला, यंत्र तोलिले, मापिले, आणि दोरीपलीकडे मांडिले, आणि पुकारा होईतो हात लाविणे बंद जाहले. तिघेही निळे अंगरखे घालोन घामाघूम. ईश्वरीने वर पाहिले तो प्रेक्षकांच्या शेवटल्या पायरीवर नवनाथ बसलेला, साध्या सदऱ्यात, एकटा. रोज सकाळी ज्यास आपल्या हाते सजविले त्यास रणी पाहावे म्हणोन तो एस.टी.ने आला होता. ती मनी म्हणाली, आला हेर.

मग पुकारा जाहला. समोर शेजारचे राज्य, गजू थोरवे आणि त्याचे यंत्र. पंच म्हणोन एक बाई होत्या, गळ्यात शिट्टी, मुद्रा कडक. शिट्टी वाजली आणि गजूचे यंत्र धावले. एकदंत जागचा हलेना. दिवा नाही, आवाज नाही, हात एका कडेला लोंबतो, मूर्तीवरोन साज उतरविला म्हणजे जैसी ती उघडी दिसते तैसा. प्रेक्षकांत कुजबुज उठली. पंचबाई म्हणाल्या, "दुरुस्तीची एक संधी आहे. घड्याळ चालू राहील. काय करायचं ते करा लवकर!"

आणि तिघेही खिशाशी, पर्सशी, पिशवीशी हात नेऊन उभे राहिले, आणि कोणी काढीना. श्रोतेहो, त्या वेळेचे वर्णन काय करावे! प्रत्येकास वाटे, आता मी काढिले तर फितूर मीच. आणि घड्याळ चालिले, आणि गजूची कडी खांबात पडू लागली, आणि सर दोरीबाहेरोन ओरडो लागले, "अरे काय झालंय? बोला ना कोणीतरी!" तेव्हा ईश्वरीची भुवई पहिल्यांदा खाली आली. तिने पर्स उघडोन रिंगणातच उपडी केली, आणि त्यातून पिना खणखणत पडल्या, एक असली आणि बाकी परक्या. ती म्हणाली, "मी काढत होते. रोज. फितुराच्या भीतीनं." मग सुहृदाने खिसा उलटा केला आणि मूठभर फ्यूज फरशीवर सांडले. मल्हारीने काखेच्या पिशवीतोन तारांचा गुंता ओढिला, सेवयांसारखा, संपेचना. लोक पोट धरोन हसले. पंचबाईंनी शिट्टी दातात धरिली, तीही हसू आवरण्यासाठी. आणि तिघांस एकदम उमगले, की आपण काढीत होतो तर बसवीत कोण होता.

घाईने तिघेही एकाच वेळी यंत्रात हात घालू गेले, तो वरोन शेवटल्या पायरीवरोन आरोळी आली, "फ्यूज नको आधी! हात उडेल कोणाचा तरी! तार, मग पिन, फ्यूज शेवटी!" ईश्वरीने वर पाहिले नाही, परंतु ऐकिले. तार बसविली, पिन बसविली, फ्यूज शेवटी. एकदंताचा दिवा लागला, आणि तो रेघेवरोन निघाला, आणि सांडशीच्या बोटांनी कडी धरिली, आणि खांबात घातली, आणि दुसरी उचलिली, आणि तेवढ्यात शेवटची शिट्टी वाजली. एक कडी. शेजारी जिंकले.

गजू थोरवे दोरीशी येऊन सरांस म्हणाला, "सर, एक सांगू? मागच्या वर्षी तुमच्या हाताची आयडिया आम्हाला कोणी पोचवली नाही. तुम्हीच माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. वर लिहिलं होतं, 'आमची लेकरं', आणि पुढे जोडलेल्या हातांचा इमोजी. आमचे लॅबवाले दादा तुमचेच माजी विद्यार्थी." सर खुर्ची नव्हती म्हणोन जमिनीवर बसले.

मग ईश्वरी पायऱ्या चढोन गेली. हाती घडीचा निळा अंगरखा, तिने तो पिशवीत का ठेविला होता हे तिचे तीस ठाऊक. म्हणाली, "नवनाथ, हा घाल."

"आधी खिसे दाखव, कॅप्टन."

तिने खिसे उलटे करोन दाखविले. तो हसला, परंतु डोळे दुसरीकडे नेले. ती म्हणाली, "तू बोलला का नाहीस? दरबारात एवढं झालं, एक शब्द बोलायचास."

"काय बोलणार? मला वाटलं तुमच्यात रीतच आहे. आमच्या तंत्रनिकेतनात सुट्टी झाली की मास्तर लेथची चावी काढून खिशात घालून घरी न्यायचे. इथंही तसंच वाटलं. म्हटलं, उत्सवाचे दागिने जपून ठेवतात आणि रोजचा साज वेगळा घालतात, तसं असली सामान स्पर्धेसाठी राखून ठेवलंय. मी सगळ्यात नवा, तर रोजचा साज घालायचं काम माझं. भंगारातनं शोधून घासून घालायचो."

"आणि तुला काढून टाकलं तेव्हा?"

"तेव्हा वाटलं," नवनाथ म्हणाला, "घातलेला आवडला नसेल."

ती म्हणाली, "चल, त्याला बाहेर आणायचंय." मैदान रिकामे जाहले होते. नवनाथाने अंगरखा घेतला नाही. पंचबाईंनी पाहिले, की अंगी निळे नाही आणि हा दोरी ओलांडितो आहे, आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरविले. ज्या चार पावलांत त्याचा जीव अडकला होता ती तो चालला, लढाई आटोपल्यावर, साध्या सदऱ्यात. एकदंतापाशी गुडघे टेकोन त्याने खांद्यापासोन पोटापर्यंत हात फिरविला आणि म्हणाला, "असली पिन. बरोबर बसलीये." मग चौघांनी उचलोन त्यास टेंपोकडे नेले, आणि वाटेत कोणी कोणाच्या खिशाकडे पाहिले नाही.

येणेप्रमाणे एकदंताचे वर्तमान समाप्त. तात्पर्य लांबवीत नाही. फितूर शोधिला तो सापडला नाही, कारण नव्हता; पहारा मात्र सर्वांनी केला आणि हार पहाऱ्यानेच आणिली. तो निळा अंगरखा अद्याप त्या यंत्रशाळेत खिळ्यास टांगिलेला आहे, कोणी घालीत नाही, तोही नाही. तो मात्र दुसरे दिवशी सकाळी सर्वांआधी हजर होता. आणि तेथे नवी रीत पडली आहे, की यंत्र सुरू करण्यापूर्वी सर्वांनी, धामणकर सरांसुद्धा, खिसे ताटात रिते करावे, सरांनी मोबाईलही ठेवावा. ताटाशेजारी उदबत्ती असते. श्रोतेहो, आता घरी जाल, मिक्सर लावाल, पंप चालू कराल, गाडीस किल्ली लावाल, आणि ते पहिल्या फटक्यात चालेल, आणि का चालले हे तुम्ही विचारणार नाही. तेव्हा क्षणभर थांबा, देवाचे नाव घ्या, आणि त्याच श्वासात नवनाथ ढोबळ्याची आठवण करा.